सीतादही आणि उंदराच्या पोटातला जंतू

मला दही जात नाही. ताक, कढी, मठ्ठा, श्रीखंड, त्या खानदानातलं काहीच जात नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन आमच्या रांगेला लागला की मी ग्लासावर हात ठेवते आणि भलतीकडे बघत बसते. लोकांना वाटतं, बाईंना सर्दी झाली असेल. सर्दी नाही, किळस आहे, आणि ती कुठून आली हे मला चांगलं ठाऊक आहे. फक्त जेवत्या माणसांना सांगण्यासारखं ते नाही.

आज सकाळी बोरीहून आईचा फोन आला. "गुरुवारी सीतादही करून राह्यलो. येजो सकायीच. बाया थांबतात तुह्यासाठी." सीतादही म्हणजे कापूस वेचायला लागण्याआधीची वावरातली पूजा, दही-भाताची. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तोंडाला पाणी सुटलं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

पाऊस परतला की आमच्या जिल्ह्यात नाकाची परीक्षा सुरू होते. दारव्हा रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीनचे ढीग लागलेले असतात, मळणीयंत्राची पिवळी धूळ दातांत करकरते, आणि पावसात भिजलेल्या कुटाराचा, मळणीच्या भुश्याचा, कुजका वास एसटीच्या खिडकीतून थेट पोटात उतरतो. मग पऱ्हाटीची खालची बोंडं फुटतात. कापूस फुटलेल्या वावराचं कौतुक करणारे खूप आहेत. त्यांच्या घरात तो कापूस राहायला आलेला नसतो, एवढंच म्हणते.

आमच्या घरी येतो. भाव बरा होईपर्यंत तो विकायचा नाही, म्हणून समोरची खोली त्याला द्यायची. खुर्च्या ओसरीत, टीव्ही स्वयंपाकघरात, आणि खोलीत खिडकीच्या वरपर्यंत कापूस. पाहुणे म्हणतात, किती मऊ असेल. त्यात हात घालून बघावा. पाल्याचा चुरा, मेलेल्या अळ्या, सरकीचा तेलकट, कोंदट वास, आणि कोपरापर्यंत अशी खाज की मीठ-पाण्यानेही जात नाही. लहानपणी मी एकदाच त्या ढिगावर उडी मारली. पडताना हात खोल गेला आणि मुठीत काहीतरी आलं, गरम, ओलसर, हलणारं. मूठ बाहेर काढून बघितली तर उंदराची पिल्लं होती. केस नव्हते, डोळे उघडलेले नव्हते, कातडीतून आतलं सगळं दिसत होतं. मी ती फेकलीसुद्धा नाही. हात तसाच लांब धरून उभी राहिले आणि ओरडत सुटले.

आईने येऊन ती सुपात घेतली, मागच्या उकिरड्याकडे गेली, हात धुतले आणि पुन्हा भाकरी थापायला बसली. "हिले साऱ्याचीच घिन," ती दादाला म्हणाली. "कसं होईन हिचं." तिच्या हातची भाकर मी त्या दिवशी खाल्ली नाही.

गंमत अशी की शेणाचं मला काही वाटायचं नाही. तीच खोली कापूस यायच्या आधी मी स्वतः शेणाने सारवायची. दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत, बोटांच्या फटींतून हिरवट पाणी निथळतंय, आणि मी गाणं म्हणतेय. गाईच्या पोटातून निघालेलं चालतं आणि उंदराच्या पोटातलं चालत नाही, याला काय अर्थ आहे? काहीच नाही. पण किळस वाद घालत नाही. ती आधी येते, कारणं मागाहून गोळा होतात.

अशी बाई सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळली ती निव्वळ गैरसमजातून. मला वाटलं, जंतू म्हणजे न दिसणारी गोष्ट. काचेची झाकलेली बशी, वर सूक्ष्मदर्शक, अंगात पांढरा कोट, कुठेच हात भरायचे नाहीत. पुढे यवतमाळला कॉलेजात शिकवायला लागल्यावर पीएचडीचं निघालं आणि आमच्या सरांनी विषय दिला. सरकीत एक विषारी द्रव्य असतं. जनावरांना ती जास्त घातली तर बाधते. मग कापसाच्या ढिगात जन्म काढणारा उंदीर ती कुरतडून धडधाकट कसा राहतो? त्याच्या आतड्यात तिला पुरून उरणारे जंतू असतील का? सर उत्साहाने बोलत होते आणि मला मूठ आठवत होती. "तुमच्या घरी कापूस असतो ना?" सरांनी विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं.

परवानग्या आल्या, पिंजरे आले. त्या हिवाळ्यात मी दर रविवारी बोरीला जाऊन कापसाच्या खोलीत पिंजरे लावायची. आत ठेवायला आई भजी तळून द्यायची, आणि माणसांसाठी करतात तसं त्यात ओवा-तिखट घालायची. "त्याले काय बेचव देऊ?" म्हणायची. सकाळी पिंजऱ्यात उंदीर असायचा, स्वतःच्या घाणीत बसलेला, मिशीला बेसन लागलेलं. मी पिंजरा कापडात गुंडाळून तोंड फिरवून एसटीत बसायची. शेजारची बाई विचारायची, गाठोड्यात काय हाये? मी म्हणायची, सामान.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लिहितानाही बरं वाटत नाही. उंदराचं लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं, तिथे एक पिशवी असते. त्याच्या देहाच्या मानाने केवढी तरी मोठी, हिरवट-करडी, फुगलेली. ती उघडली की येणारा वास हातमोज्यांतून, मास्कमधून, आंघोळीनंतरही येत राहतो. त्या महिन्यांत मी घरी जेवताना चमच्याने जेवायची. माझा स्वतःचा हात मला तोंडाजवळ नको असायचा.

त्यातला कण कण काचेच्या बशीवर पसरून, बशी हवा काढून घेतलेल्या डब्यात ठेवायची आणि दोन दिवसांनी उघडायची. बहुतेक बशा उघडताना मी श्वास धरायची. त्या दिवशी धरला तरी वास आलाच, आणि मी चक्रावले, कारण तो घाण नव्हता. आंबट, थंड, दुधाळ. ओळखीचा होता, पण कुठला ते लगेच कळेना. मग कळलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातला गंज, आमच्याकडचं उभं पातेलं, त्यावर ताटली, ताटली सरकवली की येतो तो. आईने लावलेल्या दह्याचा वास होता, उंदराच्या पोटातून आलेला.

पुढे तपासण्यांत तेच निघालं. तो दह्यातल्या जंतूंच्या गोतावळ्यातलाच, पण वेगळा. बाहेरगावच्या प्रयोगशाळेने त्याची सगळी जनुकं वाचून कळवलं की असा कुणी आजवर नोंदलेला नाही. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी त्या दिवसापासून दही सोडलं.

नवा जंतू सापडला की त्याचं वर्णन लिहावं लागतं. तो जिवंत ठेवून दोन देशांतल्या संग्रहांत पाठवावा लागतो आणि त्याला लॅटिन वळणाचं नाव द्यावं लागतं. वर्णन मी लिहिलं. आकार काडीसारखा, हालचाल नाही, बीजाणू नाहीत. वसाहती पांढऱ्या, गोल, चकचकीत, मधोमध किंचित उंच. वास आंबट, दह्यासारखा, नकोसा. सरांनी 'नकोसा' खोडलं. मी म्हटलं, "सर, पण तो आहे." सर म्हणाले, "कुणाला? तो तुमच्या नाकाचा गुण आहे, जंतूचा नाही." बरोबरच होतं. त्या वर्णनात त्याला कुठली साखर आवडते हेसुद्धा आहे, आणि त्याला बघून कुणाच्या पोटात कालवलं याची एक ओळ नाही. मला ते फार अपुरं वाटलं होतं, अजून वाटतं.

नाव द्यायचं राहिलं होतं. सर म्हणाले, गावावरून ठेवा, तशी पद्धत आहे. मी हरखून घरी फोन केला. पहिल्यांदा त्या सगळ्या घाणीतून काही चांगलं निघतंय असं वाटलं. फोन दादाने उचलला. आमचा दादा शेती बघतो आणि गावात कुणाचा वाढदिवस असो की कुणाला बक्षीस मिळो, फ्लेक्स लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही. ऐकून त्याचा आवाज भरून आला. "म्हंजे जगात कोठीच नव्हता, अन् आपल्या घरी सापडला?" मी म्हटलं, हो. तेवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या आठवड्यात बोरीच्या थांब्यावर एसटीतून उतरले आणि समोर मीच होते. केवढा तरी मोठा फ्लेक्स. डावीकडे शाल पांघरलेली मी, उजवीकडे गॉगल लावलेला दादा, वर हात जोडलेली आई. मधोमध इंटरनेटवरून काढलेला लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर, आणि त्याच्या पोटावर गोल करून हिरवा, काटेरी चेंडू. तोच, जो कोरोनाच्या काळात टीव्हीवर चोवीस तास फिरत असायचा. खाली ठळक अक्षरांत: आमच्या भगिनीने राहत्या घरातील उंदराच्या पोटातून जगात कोठेही नसलेला नवीन जंतू शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. राहत्या घरातील, हे शब्द लाल होते.

दादाला काय बोलणार? त्याने प्रेमाने केलं होतं. मी घरी गेले. आई ओसरीवर बसली होती आणि तिच्या समोरून जाणारी शेजारीण पदर नाकाशी धरून पलीकडच्या कडेने गेली. आईने ते बघितलं आणि मग मी बघितलं का, हे बघितलं.

वेचणी तोंडावर आली होती. आमच्या वावरात दरवर्षी पलीकडच्या तांड्यावरच्या बाया येतात. लीलाबाई त्यांची पुढारीण, तीच सगळ्यांना जमवते. त्या वर्षी आजूबाजूच्या सगळ्या वावरांत कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या बाया दिसत होत्या आणि आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही, कुणी पाय ठेवेना. बोंडं उलून कापूस बाहेर लोंबायला लागला होता, दवाने पिवळसर पडत होता, आणि आभाळ सारखं भरून यायचं. एक सर आली असती तर सगळ्याची कवडी झाली असती. डागाळलेला कापूस कुणी चांगल्यात धरत नाही. आई रोज वावरात जाऊन लोंबता कापूस बघून यायची.

शेवटी मी तिला घेऊन तांड्यावर गेले. लीलाबाईने खाट टाकली, पाणी दिलं. मी वर्गात शिकवते तसं सगळं समजावलं. हा जंतू आजार करत नाही, त्याचे नातेवाईक आपल्या रोजच्या दह्यात असतात, तो माणसात आला तरी काही करणार नाही.

"भेव नाही लागत, बाई," लीलाबाई म्हणाली. "घिन येते."

भीतीला उत्तर होतं, ते मी पाठ करून नेलं होतं. घिनेचं मी काय सांगणार, ती माझ्याइतकी त्या तांड्यावर कुणालाच येत नव्हती.

"कापूस वेचून देतो ना माय तुह्या," लीलाबाई आईला म्हणाली. "तेचं काही नाही. पन तुह्या हातचा दही-भात खा लागते पयले. तेथं बाया अडल्या."

अडण्यासारखंच होतं. पहिल्या दिवशी वावरात एका पऱ्हाटीखाली देवी म्हणून खडे मांडायचे, हळदी-कुंकू वाहायचं, दही-भाताचा नैवेद्य दाखवून चारी दिशांना टाकायचा, आणि मग घरच्या बाईने आपल्या हाताने वेचणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर घास ठेवायचा. तो खाल्ल्याशिवाय बोंडाला कुणी हात लावत नाही. कुणी म्हणालं, यंदा साखर वाटा. आईची मान खाली होती, तिने वर न बघता सांगितलं, "सीतादही म्हंतात त्याले. साखरेनं नाही होत." इतक्या वर्षांत तिच्या हातचं कुणी नको म्हटलं नव्हतं.

"मंग हिनं खावं पयले," लीलाबाईने माझ्याकडे बोट केलं. "हिलेच म्हाइत हाये त्यात काय हाये ते. हिनं खाल्लं, त आमी खातो."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी दही सोडल्याचं तिला माहीत होतं. का सोडलं तेही मीच तिला सांगितलं होतं, वासासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात पूजा झाली. ऊन अजून कोवळं होतं, पाल्यावरचं दव वाळलं नव्हतं, साड्यांचे काठ भिजून पायाला चिकटत होते. बाया एका रांगेत धुऱ्यालगत उभ्या होत्या. आईने गंजावरची ताटली काढली आणि तो वास आला. तिने उजवा हात भातात घातला, कालवला, बोटांच्या फटींतून दही वर आलं, आणि तिने एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला. थंड, ओलसर, बुळबुळीत. मला बशी दिसली, पिशवी दिसली, पिल्लं दिसली. घशाशी आंबट आलं. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि आई माझ्याकडे न बघता गंजाकडे बघत होती.

मी तोंडात टाकला. चावायला नको होतं, पण न चावता उतरेना. शितं दातांखाली फुटत होती. नाकाने श्वास घेतला असता तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून घेतला नाही. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं. पोटाने ते परत वर ढकललं, मी पुन्हा गिळलं. मग तोंड उघडून हसले. किळसेवर मात केली वगैरे काही झालं नाही. ती होती तिथेच होती, मी फक्त तोंड बंद ठेवलं.

लीलाबाईने हात पुढे केला. "आन वो माय, मले." मग दुसरीने, मग तिसरीने. थोड्या वेळाने ओट्या बांधून बाया पऱ्हाटीत शिरल्या. मी विहिरीच्या पलीकडे जाऊन ओकले. ते कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. आईने दादाला दही वाढलं, त्याने भाकर कुस्करून ओरपलं. माझ्या ताटात वांगं आणि तिखट. मग ती स्वतःचं ताट घेऊन बसली, त्यातही वांगं आणि तिखट. आईचं जेवण दह्याशिवाय झालेलं मी पाहिलं नव्हतं. दादा हात धुवायला गेल्यावर मी विचारलं, "तू काहून नाही घेतलं?"

"मले बी नाही जात आता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू वासाचं सांगतलं तवापासून." भाकरीचा तुकडा तिने तसाच हातात धरला होता. "सकायी कालवताना भल्लं गचगच झालं पोटात. वाटलं, आता ओकारी होते देवीपुढंच." मग ती थोडी वाकून हळूच म्हणाली, "बायाइले नोको सांगू."

नाव मी शेवटी गावावरून दिलं नाही, आईने हात जोडले म्हणून. कापसावरून दिलं. तो जंतू आता दोन देशांत गोठवून ठेवलेला आहे, त्याचं वर्णन छापून आलेलं आहे, आणि ते वाचून कुणाचं जेवण बिघडेल असं त्यात काही नाही. फ्लेक्स दादाने उतरवून कापसाच्या ढिगाखाली अंथरला. उंदरांनी त्याच्या कडा खाल्ल्या आहेत.

पण माझा घास तेवढा कायम झाला. त्या वर्षीपासून आमच्या वावरात सीतादही झालं की पहिला घास मी खायचा, हे ठरूनच गेलंय. कारण कुणाला आठवत नाही. तांड्यावरच्या नव्या सुनांना वाटतं, ही या घरची जुनी रीत असेल. मी उशिरा पोहोचले तर ऊन चढेपर्यंत बाया थांबतात, आई गंज झाकून बसते.

गुरुवारी जाईन. आई बुधवारीच विरजण लावून ठेवेल, नाकाला पदर धरून. सकाळी वावरात माझ्या तळहातावर गोळा ठेवेल आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकेल, कारण घरच्या बाईने नाही खाल्लं तर दिसतं. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चावू, नाकाने श्वास न घेता, आणि बाया आमच्या तोंडांकडे बघत असतील. आई आधी गिळेल. तिला ते माझ्यापेक्षा लवकर जमतं.

"गोड झालं यंदा," ती म्हणेल.

"हो," मी म्हणेन, "गोड झालंय."